रोमच्या सरकारी दप्तरातले ख्रिस्ती

नमस्कार मंडळी.

ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्यात कसा पसरला, असं विचारलं की पेत्र आणि पौल ही दोन नावं लगेच येतात. पण पौल मारला गेला इ.स. 65 च्या आसपास, आणि या धर्माला कायद्याने मोकळीक मिळाली 313 मध्ये. मधली अडीचशे वर्षं तो पुढे नेला कोणी? त्या काळात नाव घेण्यासारखे प्रचारक मोजकेच. दिसतात त्या दासी, मोची, धोबी, विधवा. या माणसांनी स्वतःबद्दल फारसं लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याबद्दल लिहिलं ते त्यांना पकडणाऱ्यांनी, म्हणून आज आपण तीच कागदपत्रं उघडूया.

(पडद्यावर नकाशा: काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा)

इ.स. 112 च्या सुमारास, आजच्या उत्तर तुर्कस्तानात, बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार धाकट्या प्लिनीकडे होता. तो सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं करू काय? त्याची पद्धत सरळ होती. आरोपीला तीनदा विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा हो म्हणाला तर मृत्युदंड. नाही म्हणाला तर देवांच्या मूर्तींसमोर आणि सम्राटाच्या पुतळ्यासमोर धूप आणि मद्य वाहायचं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे आणि घरी जायचं.

बरेच जण घरी गेले. काहींनी सांगितलं, आम्ही तर वीस वर्षांपूर्वीच सोडलं. त्यांच्याकडून प्लिनीला कळलं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात, ख्रिस्ताचं गीत म्हणतात, आणि चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ घेतात. पहाटेच्या आधीच का? मला यात कामकरी माणूस दिसतो. रविवारची सुट्टी आली 321 मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने. तोवर उजाडलं की मालकाच्या दारात हजर व्हावंच लागायचं.

प्लिनीला वाटलं, अजून काहीतरी लपवतायत. म्हणून त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली. या दोघी मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समूहात, सेविका म्हणून ओळखल्या जायच्या. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत, मला त्याची फार चुटपुट लागते. रोमन कायद्याच्या लेखी त्या मालकाची मालमत्ता होत्या, आणि मंडळीत मात्र जबाबदारीच्या जागेवर. प्लिनीच्या हाती काहीच गुन्हा लागला नाही, ‘अंधश्रद्धा’ एवढंच तो लिहितो. पण त्याच पत्रात तो कबूल करतो की हे लोण शहरांपुरतं राहिलेलं नाही, खेड्यापाड्यांत आणि शेतवाड्यांतही गेलंय. देवांना बळी दिलेल्या जनावरांच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं!

ते लोण गेलं कसं, हे सेल्ससने लिहून ठेवलंय. ख्रिस्ती धर्माची टर उडवणारा हा विद्वान साधारण 178 मध्ये लिहीत होता. त्याचं मूळ पुस्तक आज मिळत नाही, पण ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सत्तर वर्षांनी त्याला उत्तर देताना लांबलचक उतारे घेतले, त्यामुळे मजकूर टिकला. सेल्ससचा संताप असा: हे लोकर कातणारे, मोची, धोबी, अडाणी लोक. मालक समोर असताना तोंड उघडत नाहीत. पण पोरं आणि बायका एकट्या सापडल्या की हळूच सांगतात, खरं ऐकायचंय ना, मग मोच्याच्या दुकानात या, धोब्याच्या दुकानात या.

त्याने हे हिणवण्यासाठी लिहिलं. पण यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठे सापडलं नाही. चर्चची इमारत नाही, मंडप नाही. जिथे गिऱ्हाईक चप्पल शिवून होईपर्यंत बसतं, तिथेच बोलणं निघायचं. अशी जागा बंद तरी कशी करणार?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा छळ अडीचशे वर्षं सलग चालला नाही. बहुतेक वेळा तो एखाद्या शहरापुरता असायचा. 250 मध्ये सम्राट डेसियसने मात्र साम्राज्यभर हुकूम काढला: सगळ्यांनी देवांना बळी द्या आणि तसा दाखला घ्या. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडलेत. मजकूर ठरावीक: मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, प्रसाद चाखला, कृपया सही करा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये कितीतरी ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. पुढे त्यातल्या अनेकांना प्रायश्चित्त देऊन परत घेतलं. मला वाटतं, पडलेल्यांना दार उघडं ठेवलं नसतं तर मंडळी तिथेच आटली असती.

त्याच वर्षांत साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की आपली माणसं जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांजवळ थांबली आणि त्यात अनेक दगावली. बिशप आपल्या माणसांची बाजू घेणार, हे धरून चालू. पण औषध नसताना वेळेवर पाणी आणि दोन घास मिळाले तरी माणूस वाचू शकतो. आणि वाचलेला माणूस, पाणी कोणी पाजलं ते विसरत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा कागद.

(पडद्यावर: सिर्ता, 19 मे 303)

सिर्ता म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन शहर. सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करण्याचा हुकूम काढला होता, त्यावरून नगराधिकारी मुनातियस फेलिक्स ख्रिस्ती लोकांच्या सभाघरावर येतो. कारकून पंचनामा लिहितो: सोन्याचे पेले 2, चांदीचे 6, दिवे. आणि मग, बायकांचे अंगरखे 82, ओढण्या 38, पुरुषांचे अंगरखे 16, पुरुषांच्या पायताणांचे जोड 13, बायकांचे 47.

हे कपडे कोणासाठी होते? बहुधा गरिबांना वाटण्यासाठी, आणि आकडे पाहता मुख्यतः विधवांना. रोमच्या मंडळीत 251 मध्येच दीड हजाराहून जास्त विधवा आणि गरजू पोसले जात होते. सिर्तात पुस्तकांची कपाटं रिकामी निघाली, म्हणून अधिकारी वाचकांच्या, म्हणजे सभेत धर्मग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरोघर फिरले. कोद्देओ नावाच्या माणसाच्या बायकोने सहा पोथ्या काढून दिल्या. सभाघराच्या कपाटात सापडल्या नाहीत त्या पोथ्या अशा घराघरांत ठेवलेल्या होत्या.

साठेक वर्षांनी सम्राट ज्युलियनला जुने देव परत आणायचे होते. गलतियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला तो चिडून लिहितो की हे गालीलकर, म्हणजे ख्रिस्ती लोक, स्वतःच्या गरिबांना पोसतात आणि वर आमच्याही गरिबांना पोसतात. त्याने दर वर्षी 30,000 मोदियस (धान्य मोजायचं रोमन माप) गहू मंजूर केला आणि शहराशहरांत धर्मशाळा काढायला सांगितल्या. गहू सरकारी कोठारातून येणार होता. कोणत्या गल्लीत कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे ठाऊक असलेली माणसं मात्र त्याला नव्याने उभी करायची होती. त्यासाठी लागणारी वर्षं त्याला मिळाली नाहीत. जून 363 मध्ये तो इराणच्या स्वारीत मारला गेला.