संत्रा बर्फीच्या डब्यातला कॅमेरा

(दृश्य : अंधारलेली वर्गखोली. भिंतीवर मेट्रो सरकते, उलटी.)

नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूवरच्या खांबांवरून रोज धावणारी ही ॲक्वा मार्गिकेवरची मेट्रो. आज ती दहावीच्या वर्गाच्या भिंतीवर डोकं खाली करून धावते आहे आणि आम्ही या वर्गाचं चित्रीकरण करतो आहोत. इथे प्रोजेक्टर नाही. खिडक्यांना काळा कागद लावलाय आणि एका कागदाला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडलंय. बाहेरचं ऊन तेवढ्याच वाटेनं आत येतं आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर अख्खा रस्ता रंगांसकट उमटतो.

"मॅडम, हे उलटं काऊन दिसून राहिलं?"

मॅडम उत्तर देत नाहीत. खडू पुढे करतात. टॉर्चच्या उजेडात एक मुलगी फळ्यावर रेघ ओढते : मेट्रोच्या टपाकडून निघालेली, भोकातून खाली उतरणारी. दुसरी रेघ खांबाच्या पायथ्याकडून, भोकातून वर चढणारी. दोन्ही रेघा भोकापाशी एकमेकींना छेदतात आणि फळ्यावर दोन त्रिकोण तयार होतात. दहावीच्या भूमितीचं पहिलं प्रकरण आहे समरूपता, म्हणजे आकार तोच, माप लहान-मोठं. ते इथे सुरू झालं.

(दृश्य : पुठ्ठ्याचे डबे, सुया, कात्र्या.)

आता हीच खोली हातात मावेल एवढी करायची, म्हणजे पिनहोल कॅमेरा. पुठ्ठ्याचे डबे घरूनच आले, बहुतेक संत्रा बर्फीचे. नागपुरात त्यांना तोटा नाही. डबा आतून काळा रंगवला. एका टोकाला थंड पेयाच्या डब्यातून कापलेला पातळ पत्रा आणि त्यात सुईनं पाडलेलं साधारण १ मिलिमीटरचं भोक. कडा खरखरीत राहिली तर चित्र फाटल्यासारखं दिसतं, म्हणून ती पॉलिश पेपरनं घासायची. समोरच्या टोकाला ट्रेसिंग पेपर. डोक्यावर ओढणी किंवा चादर घ्यायची आणि पाहायचं.

हे काम सावकाश चालतं. बाजारात तयार तक्ते मिळतात, तयार प्रकल्पवह्या मिळतात, आणि रात्री जागून आई-बाबा त्या पूर्ण करतात, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. इथे भोक चुकलं तर पत्रा पुन्हा कापावा लागतो, आणि तो मुलंच कापतात.

(दृश्य : मैदान. मुलं डबे धरून उभी. गच्चीवरून टेप खाली सोडला जातो.)

डबा २० सेंटिमीटर लांब. भिंत ३० मीटरवर. ट्रेसिंग पेपरवर शाळेच्या इमारतीची उंची भरली ५.२ सेंटिमीटर. गुणोत्तर मांडलं, उत्तर आलं ७.८ मीटर. मग गच्चीच्या कठड्यावरून खरा टेप सोडला : ८.१ मीटर.

मधले ३० सेंटिमीटर गेले कुठे? या एका प्रश्नावर उरलेला तास गेला, आणि माझ्या मते अख्ख्या चित्रीकरणात याहून चांगला तास आम्हाला मिळाला नाही. कुणी टेपला दोष दिला, कुणी पायांनी मोजलेल्या अंतराला. शेवटी एका मुलानं हिशोब करून दाखवला : कागदावर १ मिलिमीटर चुकला तर भिंतीवर १५ सेंटिमीटर चुकतात. आणि १ मिलिमीटरच्या भोकातून येणाऱ्या चित्राची कडा तेवढी धूसर असतेच. मोजमापाला मर्यादा असते, हे वाक्य पुस्तकात आहे. ही मुलं त्या मर्यादेशी भांडत होती.

(दृश्य : हळदीचं भांडं. उन्हात मांडलेले पिवळे कागद.)

डब्यातलं चित्र दिसतं, पण टिकत नाही. फोटोचा कागद आणि रसायनं महाग पडतात. म्हणून डबा बाजूला ठेवून हळदीच्या कागदावर थेट उन्हानं चित्र उमटवायचं.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. एका मुलीनं ती मामाच्या घरून आणली. ती मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटमध्ये कालवायची, फडक्यानं गाळायची, सावलीत कागदाला लावायची. स्पिरिट पेट घेतं, म्हणून ते मॅडमच्याच हातात आणि खिडक्या उघड्या. वाळलेल्या कागदावर संत्र्याचं पान ठेवायचं, वरून काच, आणि कडक उन्हात तीन-चार तास. ऊन हळदीतल्या करक्युमिनचा रंग मोडतं. पानाखालची हळद तेवढी शाबूत राहते. नंतर टाकणखाराचं (बोरॅक्सचं) पाणी फिरवलं की तीच जागा तांबूस होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात हे घरोघरी माहीत आहे, टाकणखारही आम्लारिधर्मीच.

वनस्पतींच्या रसावर उन्हानं चित्रं उमटवण्याचे प्रयोग जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८४२ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरच्या गादीवर तेव्हा तिसरे रघूजी भोसले होते.

(दृश्य : तर्री-पोह्याची गाडी. मोबाइलवर फोटो काढणारी मुलं.)

पानानंतर माणसं. शाळेबाहेर तर्री-पोह्याची गाडी लावणाऱ्या काकांचे मुलांनी मोबाइलवर फोटो काढले, झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीटवर छापून आणले आणि हळदीच्या कागदावर ठेवले. एका गटानं काकांच्या मागची गिऱ्हाइकांची रांग कापली, दुसऱ्यानं ठेवली. एका चित्रात काका एकटे, थकलेले. दुसऱ्यात धंदा जोरात. माणूस तोच, वेळ तीच, कात्री वेगळी. दिवसभर मोबाइलवर फोटो पाहणाऱ्या या मुलांना 'हे कुणी कापलं असेल?' असं विचारायला कुणी शिकवलं होतं? मुलं आता भित्तिपत्रकावर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावतात आणि कुणी, कुठून, काय कापून काढलं हे खाली लिहितात.

पालक येऊन पाहून गेले, काका दोनदा आले, आणि भूमितीच्या तासाला मागचे बाक आता पुढे सरकलेत.

(दृश्य : मॅडम वेळापत्रकावर पेन्सिलीनं खूण करतात.)

हळदीची चित्रं पक्की करता येत नाहीत; उजेडात फिकी पडतात, म्हणून ती फाइलमध्ये ठेवली आहेत. खर्च स्पिरिट, टाकणखार आणि झेरॉक्सचा. खरी अडचण तासिकेची आहे. ३५ मिनिटांत डबा निघतो, रंगतो आणि घंटा होते. मॅडमनी मुख्याध्यापकांकडे आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका मागितल्या आहेत, परीक्षेनंतर उरलेल्या वेळात नव्हे, जूनपासूनच. ही मागणी आमचीही आहे. नववीच्या मुलांनी डबे आताच मागून ठेवलेत.