प्रभात कोल्हापुरातून पुण्याला गेली तेव्हा

नमस्कार मंडळी. शहर मोठं कशानं होतं असं कुणालाही विचारा, एमआयडीसी, हायवे, विमानतळ, आयटी पार्क हीच उत्तरं येतात, आणि ती काही खोटी नाहीत. पण पडदे रंगवणारी, सेट उभारणारी, कॅमेरा चालवणारी, गाणारी माणसंसुद्धा शहराच्या खिशात पैसा आणतात हे कुणी बोलतच नाही. म्हणून आज मी कोल्हापूरबद्दल आणि तिथं निघालेल्या प्रभात या सिनेमा कंपनीबद्दल बोलणार आहे, कारण तिथं हा नाटक-सिनेमाचा धंदा उभा राहतानाही दिसतो आणि उठून दुसरीकडं जातानाही दिसतो.

सुरुवात राजर्षी शाहू महाराजांपासून करावी लागते. अल्लादिया खाँसाहेब दरबारात गायक, आबालाल रहिमान दरबारात चित्रकार. १९१२ मध्ये खासबागचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. आता नाटक म्हटलं की पडदे आले, पडदे आले की ते रंगवणारे आले. बाबुराव पेंटर हे त्यातलेच. वडील सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम करणारे, त्यामुळं हातात रंगही होता आणि पटाशीही. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव सिनेमाच्या नादाला लागले, विकतचा कॅमेरा परवडेना म्हणून घरीच बनवायला घेतला, आनंदराव मधेच गेले तरी बाबुरावांनी सोडलं नाही आणि विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला. आणि बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा कुणी दिला? तानीबाई कागलकरांनी, म्हणजे एका गायिकेनं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गाण्यातून कमावलेला पैसा सिनेमात गेला, म्हणजे एक कला दुसऱ्या कलेची सावकार झाली आणि पैसा गावातच फिरला.

त्या कंपनीत शिकून तयार झालेली पोरं पुढं काय करतात बघा. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, हे चौघं आणि सीतारामपंत कुलकर्णी नावाचे सराफ असे पाच जण मिळून १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढतात. फत्तेलाल चित्रकार, दामले मशिनरीतले दर्दी, आणि सराफाचं भांडवल. बँकेच्या कर्जाचा फॉर्म भरून अशी टीम जमत नसते. एकाच गावात, एकाच कारखान्यात वर्षानुवर्षं घाम गाळलेली माणसं एकमेकांना ओळखत होती म्हणून ती जमली.

आणि चार वर्षांत, १९३३ मध्ये, प्रभात पुण्याला गेली.

का गेली याचं माझं मत सांगतो. बोलपट आले होते, आवाज रेकॉर्ड करायला बंदिस्त मोठा स्टुडिओ लागायला लागला, जागा लागायला लागली, आणि पुणं मुंबईला कितीतरी जवळ, जिथं माल विकायचा ती बाजारपेठ रात्रीच्या गाडीनं नाही तर सकाळच्या गाडीनं गाठता येते. गेली म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण गेली म्हणजे पाच मालक गेले एवढंच नाही ना. त्यांच्यामागं सुतार, मोल्डर, रंगारी, शिंपी, मेकअपवाले, लाइटवाले, लॅबवाले, पगारावर असलेले नट, सगळा संसार हलला. आणि त्यांची घरभाडी, दुधाची बिलं, पोरांच्या फिया तेव्हापासून पुण्यात भरल्या जायला लागल्या.

पुण्याला काय मिळालं ते मोजा. १९३६ चा संत तुकाराम सिनेमा तिथंच झाला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला. गुरुदत्त आणि देव आनंद दोघंही उमेदवारीच्या काळात प्रभातमध्येच एकमेकांना भेटले. नंतर कंपनी मोडली, १९५३ ला बंद झाली, पण स्टुडिओची जागा वाया गेली नाही, १९६० मध्ये तिथंच फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये पुण्यातच जुने सिनेमे जपणारं फिल्म अर्काइव्ह आलं. प्रभात रोडवरनं आज जाणाऱ्याला माहीत असो नसो, त्या भागाची ओळख कोल्हापुरातनं आलेल्या कारागिरांनी घडवलीय. कंपनी मेली तरी तिच्यामागं शिकायची जागा उरली.

कोल्हापूर रिकामं झालं असं मात्र नाही हां. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ चालवला, गांधीजींच्या हत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत तो जळला तरी परत उभा केला, आणि मराठी सिनेमाला पुढची कित्येक वर्षं तिथनंच नट, तंत्रज्ञ मिळत राहिले. आता शूटिंगसाठी उभारलेली चित्रनगरी आहे, मालिकांचं शूटिंग होतं. मध्यंतरी एका गाजलेल्या मालिकेचं शूटिंग कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात होतं, तर तिथला वाडा बघायला लांबलांबनं लोक यायला लागले. युनिट आलं की लॉज भरतं, जेवणाचे डबे जातात, गाड्या लागतात, जनरेटर लागतो, गावातल्या पोरांना दिवसाची हजेरी मिळते.

पण माझं म्हणणं असं की नुसती हजेरी मिळाली म्हणजे गाव कमावतंय असं होत नाही. युनिट येतं आणि जातं. कॅमेरामन मुंबईचा, एडिटिंग मुंबईत, गावातला पोरगा लाइट उचलतो आणि युनिट गेलं की परत मोकळा. बाबुरावांच्या कारखान्यात पोरगं झाडलोट करायला आत गेलं तरी काहीतरी शिकूनच बाहेर पडायचं, हा मोठा फरक आहे. त्यात टीव्हीच्या धंद्यात पेमेंट नव्वद-नव्वद दिवसांनी करायची पद्धत. तीन महिने पगार नाही असं गिरणीत झालं असतं तर केवढा मोर्चा निघाला असता, मग मेकअपवाल्यानं आणि ड्रेसवाल्यानं का म्हणून थांबायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. ते परत उभं करायचं काम हाती घेतलंय, ही चांगली गोष्ट आहे. पण जोडीला आणखी दोन गोष्टी व्हायला पाहिजेत, आणि त्या महापालिकेच्या हातातल्या आहेत. एक म्हणजे हौशी मंडळींना परवडेल अशा भाड्यात तालमीचा हॉल, नाट्यगृह असो की शाळेचा रिकामा वर्ग. आणि दुसरी, शूटिंगची परवानगी देताना युनिटला विचारायचं, आमच्यातली किती पोरं कॅमेऱ्यामागं घेणार, काय शिकवणार, आणि त्यांचे पैसे किती दिवसांत देणार. तुमच्या वॉर्डातला नगरसेवक भेटला की त्याला हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. नमस्कार.