भिंतीच्या पोटातला ताप

श्रोतेहो, नमस्कार.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते तापतं. पातळ स्लॅबची ही ऊब काही दिवसांत निघून जाते, कुणाच्या ध्यानातही येत नाही. धरणाचं तसं नाही. जाडी दुप्पट झाली की उष्णता बाहेर पडायला चौपट वेळ लागतो. अमेरिकेतलं हूवर धरण एकसंध ओतलं असतं, तर ते निवायला सव्वाशे वर्षं लागली असती, असा तिथल्या इंजिनिअरांचा हिशेब होता. म्हणून १९३३ पासून ते ठोकळ्याठोकळ्यांनी रचलं आणि आत नळ्या टाकून गार पाणी खेळवलं.

गाभा गरम राहतो, बाहेरची बाजू आधी निवते आणि आकसू पाहते. गाभा तिला आकसू देत नाही. काँक्रीट दाबाला खंबीर, ओढीला मात्र दुबळं. मग तडा जातो. गाभा आणि बाहेरची बाजू यांच्या तापमानातला फरक साधारण वीस अंशांच्या आत ठेवायचा, हा बांधकामावरचा जुना दंडक.

हा फरक कळायचा तर काँक्रीटच्या आत तापमान मोजणारे सेन्सर नेमक्या जागी हवेत. गाभ्यात तापमान सावकाश बदलतं, तिथं दूरदूर ठेवले तरी चालतं. पृष्ठभागाजवळ मात्र वीतभर अंतरातही ते झपाट्याने उतरतं, म्हणून तिथं दाटीने लावायचे. नवशिके नेमकं उलट करतात, सगळे सेन्सर पोटात!

एका कामावर आमचा एक सेन्सर सतत कमी आकडा दाखवायचा. शेजारचे तापलेले, हा निवांत. आम्ही खूश. नकाशा काढून पाहिला, तर तो थंड पाण्याच्या नळीला खेटून बसलेला. काँक्रीटचं म्हणून आम्ही पाण्याचंच तापमान लिहून घेत होतो. तेव्हापासून दोन नळ्यांच्या बरोबर मधली जागा मी स्वतः टेपने मोजतो.

सेन्सरच्या केबलचंही ऐका. ती ताणून बांधू नका, थोडी ढिली सोडा. ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई लागली तर केबल तुटते, आणि वर काँक्रीट पडल्यावर दुरुस्ती नाही. म्हणून मोक्याच्या ठिकाणी जोडीने दोन सेन्सर लावायचे. टोकाला क्रमांकाची पट्टी हवीच. नाहीतर वर निघालेल्या चाळीस केबलींतली कुठली कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि ओतकाम संपलं म्हणून वाचन थांबवायचं नसतं. ठोकळ्यांमधल्या सांध्यांत सिमेंटचा रस भरायचा, तो ठोकळे पुरते निवून आकसल्यावरच. घाई केली तर ठोकळे नंतर आकसतात आणि भरलेला सांधा पुन्हा उघडतो. रस कधी भरायचा, ते याच सेन्सरांचे आकडे पाहून ठरतं.

नमस्कार.