एक इंच हवा

मिनेसोटातला जानेवारी. बाहेर उणे २०. घरामागच्या या वर्कशॉपमध्ये रंधा हातात धरवत नाही, फळ्यांना लावलेला गोंदही धरत नाही. म्हणून आज इथे वुड स्टोव्ह, म्हणजे लाकूड जाळून खोली तापवणारी बंद शेगडी, बसतोय.

गाडी लावायच्या गॅरेजमध्ये मात्र हा बसवायचाच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत विस्तवापर्यंत पोचते. अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे अग्निसुरक्षेचं मानकही गॅरेजला मनाई करतं. ही खोली वेगळी आहे, इथे गाडी येत नाही.

आता ही भिंत बघा. वरून जिप्सम बोर्ड, आत लाकडी खांब. कंपनीने चाचणी करून अंतर ठरवून दिलं नसेल, तर स्टोव्ह भिंतीपासून ३६ इंच लांब हवा. छोट्या खोलीत एवढी जागा कुठून आणायची? मग कुणीतरी सांगतं, भिंतीवर पत्रा ठोक. तो भिंतीला चिकटवून ठोकला, तर तापतो आणि सगळी धग मागच्या लाकडात उतरते. लाकूड त्या दिवशी पेटत नाही, फसगत होते ती इथेच. रोज तापून ते आतल्या आत करपत जातं. पहिल्या वर्षी ज्या धगीने काही झालं नव्हतं, तेवढ्याच धगीने ते काही हिवाळ्यांनंतर पेट घेऊ शकतं.

म्हणून हा पत्रा भिंतीपासून १ इंच सुटा आहे. मध्ये धातूच्या नळीचे तुकडे, तेही स्टोव्हच्या बरोबर मागे नाहीत. खालची आणि वरची कड उघडी. खालून गार हवा शिरते, तापून वरून निघते. एवढ्यावर ३६ चे १२ इंच होतात.

धुराच्या पाइपचं अरुंद तोंड खाली, स्टोव्हकडे. उलटं वाटतं, पण धुरातून साचणारा डांबरासारखा काळा रस ओघळला तर पाइपच्या आतच राहतो. प्रत्येक जोडाला ३ स्क्रू. छपरावर चिमणी निदान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच.

भुसा रोज झाडायचा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत, ती आपोआप पेटतात. छताला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच पाहिजे.

पहिला जाळ छोटा. तासाभराने पत्र्याच्या वरच्या कडेशी भिंतीला तळहात लावायचा. हात सहज टेकून राहिला, तर दुसरं लाकूड घाला. चटका बसला, तर आग विझू द्या आणि स्टोव्ह पुढे ओढा.