खालचा सूर

(दृश्य: सिघनाघीतला दगडी रस्ता. खाली अलाझानी नदीचं खोरं, पलीकडे कॉकेशसची बर्फाळ रांग.)

जॉर्जियाच्या पूर्वेला काखेती नावाचा प्रांत आहे. सगळा द्राक्षमळ्यांचा. इथं वाइन मातीच्या रांजणात मुरते आणि ते रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात. आम्ही आलो होतो ते रांजण चित्रित करायला. गाणं आमच्या यादीत नव्हतंच.

(दृश्य: अंगणातलं लांब टेबल. दिवे लागलेले.)

संध्याकाळी यजमानांनी जेवायला बसवलं. अशा मेजवानीला इथं सुप्रा म्हणतात. तिला एक सूत्रधार असतो, तमादा. तो बोलल्याशिवाय पेला उचलायचा नाही, आणि तो बोलतो भरपूर. चौथ्या भाषणाला माझं लक्ष उडालं होतं, कबूल करतो.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला पाव कापत बसलेल्या एका माणसानं, सुरी हातात तशीच ठेवून, आवाज लावला. समोरच्यानं त्याला दुसरा आवाज जोडला. आणि मग बाकीचे सगळे खाली एकाच सुरावर येऊन बसले. वाद्य एकही नाही. टेबलावर माझा तळहात होता, त्याला लाकूड थरथरताना जाणवत होतं.

ते गाणं होतं ‘चाक्रुलो’. मेजवानीत गायचं, पण शब्द लढाईच्या तयारीचे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हे गाणं आहे. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. म्हणजे ही दोन गाणी इतकी वर्षं शेजारी राहतायत आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

काखेतीच्या या गाण्यांत वरचे दोन आवाज एकेकट्यानं गातात. ताना, हरकती, सगळं त्यांचं. मध्येच ते इतके जवळ येतात की कुणी सा आणि रे एकदम धरलाय असं वाटावं. आपल्या कानाला आधी खुपतं. मग त्याचीच वाट बघायला लागतो आपण.

पण मला धरून ठेवलं ते खालच्या सुरानं. त्याला ‘बानी’ म्हणतात. माझ्या शेजारचे आजोबा डोळे मिटून फक्त ‘ओ’ लावून बसले होते. त्यांचा श्वास संपला की पलीकडचा सांभाळायचा. सूर कुठंच तुटत नव्हता. गळ्याशी आवंढा का आला, ते मला त्या क्षणी कळलं नाही. भाषेचा एक शब्द समजत नव्हता.

आजोबांनी कोपरानं ढोसलं. गा. मीही ‘ओ’ लावला. तंबोऱ्यासारखा एकच तर सूर, त्यात काय अवघड? आणि अचानक तो अख्खा सूर एक पायरी सरकला. सगळे एकदम सरकले. मी एकटा जुन्या जागी.

(काही क्षण फक्त मूळ ध्वनी.)

आत्ता ऐकलात तो चुकार आवाज माझा. संकलनात काढता आला असता. ठेवलाय.

शेवटी सगळे एकाच सुरावर येऊन थांबले. टाळ्या नाहीत. आजोबांनी माझा पेला भरला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोच ‘ओ’ हळूच लावला. मी लावेपर्यंत सोडला नाही.