कावीळ दिसण्याआधी लघवी काय सांगू शकते?

नमस्कार. आज लघवीबद्दल बोलायचंय, आणि संकोच न करता बोलायचंय.

पित्तनलिकेचा कॅन्सर झालेल्या माणसाला पहिली शंका पुष्कळदा लघवीमुळेच येते. ती गडद, तपकिरी व्हायला लागते. शौचाचा रंग मात्र फिकट, मातकट होतो. अंगाला खाज सुटते, मग डोळे पिवळे पडतात. यकृतात तयार होणारं पित्त ज्या नळीतून आतड्यात उतरतं, ती वाट गाठीने अडवलेली असते. पित्तातलं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य मागे फिरतं, रक्तात मिसळतं आणि किडनीतून लघवीत उतरतं.

म्हणजे लघवी खरं तेच सांगते, पण फार उशिरा सांगते. या आजारातून पूर्ण बरं होण्याची आशा प्रामुख्याने शस्त्रक्रियेवर असते, आणि बहुतेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतात तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून हे ऐकताना कुणाला आपली किंवा घरातल्या कुणाची अशी लक्षणं आठवली, तर व्हिडिओ इथेच थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

आता प्रश्न असा, की हीच लघवी काही वर्षं आधी बोलेल का?

[स्क्रीनवर: थायलंडचा नकाशा, ईशान्य भाग रंगवलेला]

हा थायलंडचा ईशान्य भाग, ईसान. इथल्या खोन केन प्रांतात पित्तनलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदलं गेलं आहे. एरवी हा कॅन्सर दुर्मीळ मानतात. इथे तो घरोघरी ओळखीचा आहे, आणि त्याचं मूळ एका चपट्या कृमीत आहे. त्याचं नाव ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी. लांबी जेमतेम 1 सेंटिमीटर.

त्याचा प्रवास बघा. बाधित माणसाच्या शौचातून अंडी पाण्यात जातात. तिथे बिथिनिया जातीच्या छोट्या गोगलगायी ती गिळतात. गोगलगायीतून बाहेर पडलेल्या अळ्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात शिरून बसतात. ईसानमध्ये कच्चा मासा बारीक चिरून, लिंबू आणि मसाला लावून खायची जुनी पद्धत आहे. त्या पदार्थाला कोय प्ला म्हणतात. लिंबाच्या आंबटपणाने ही अळी मरत नाही. ती पोटात जाते, पित्तनलिकेत चढते आणि तिथेच मोठी होऊन वर्षानुवर्षं राहते. मांजर आणि कुत्र्यांनाही तिची लागण होते, त्यामुळे फक्त माणसांना औषध देऊन हे चक्र तुटत नाही.

या कृमीमुळे कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1994 मध्येच मान्य केलं. कृमी आपल्या चूषकांनी नळीच्या आतल्या अस्तराला चिकटतो, तिथे जखमा होतात. त्याच्या शरीरातून ग्रॅन्युलिनसारखी प्रथिनं पाझरतात. ती पेशींना वाढायला लावतात. आपली प्रतिकारशक्ती कृमीवर सतत मारा करत राहते, त्या माऱ्यातून निघणारी तीव्र रसायनं आपल्याच पेशींचा डीएनए बिघडवतात. आंबवलेल्या माशातली नायट्रोसो संयुगं, म्हणजे कॅन्सरला हातभार लावणारी रसायनं, त्यात भर घालतात. जखम, दुरुस्ती, पुन्हा जखम, असं अनेक दशकं चालतं. नळीभोवती कडक तंतूंचा थर जमतो, आणि कधीतरी एखादी पेशी ताळतंत्र सोडते.

ही अनेक दशकं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एवढा काळ आपल्या हातात असतो आणि माणसाला काहीच जाणवत नाही.

या काळात शोध घ्यायचा कसा? जुनी पद्धत म्हणजे शौचाचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अंडी शोधणं. पण कृमी थोडे असले तर अंडी सापडत नाहीत. नळी तुंबली तर ती बाहेरच येत नाहीत. शिवाय आतड्यातल्या दुसऱ्या काही बारीक कृमींची अंडी हुबेहूब तशीच दिसतात. आणि गावात जाऊन शौचाचा नमुना मागणं सोपं नसतं. लघवी द्यायला लोक मनाने लवकर तयार होतात.

पण यकृतातली गोष्ट लघवीत येतेच कशी? कृमीची प्रथिनं, बिघडलेल्या डीएनएचे तुकडे, हे सगळं थोडंथोडं रक्तात मिसळतं. रक्त दिवसातून कित्येक वेळा किडनीतून गाळलं जातं, आणि त्यातला काही भाग लघवीत उतरतो.

पहिली खूण कृमीची स्वतःची. खोन केन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कृमीच्या प्रथिनांना नेमकं पकडणारी प्रतिपिंडं वापरून लघवीची अँटिजेन चाचणी तयार केली. पुढे तिची झटपट पट्टीही आली, घरी गरोदरपण तपासायची असते तशी. प्राझिक्वांटेल हे औषध दिल्यावर लघवीतलं अँटिजेन कमी होतं. म्हणजे कृमी आहे का आणि औषध लागू पडलं का, ही दोन्ही उत्तरं एकाच कपातून मिळतात.

दुसरी खूण नुकसानीची. डीएनएमधलं ग्वानिन नावाचं अक्षर ऑक्सिडेशनने खराब झालं, की पेशी ते कापून टाकते. ते लघवीत 8-ऑक्सो-डीजी या रूपात सापडतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं प्रमाण निरोगी लोकांपेक्षा बाधितांमध्ये जास्त आणि कॅन्सरच्या रुग्णांमध्ये त्याहूनही जास्त आढळलं. कृमीचं औषध घेतल्यावर ते उतरलंही. मला यात मोठा दिलासा दिसतो: घसारा थांबवता येतो, आणि थांबला की नाही ते मोजता येतं.

तिसरी खूण मायक्रो-आरएनए. हे जेमतेम 22 अक्षरांचे तुकडे, कोणत्या जनुकाचा आवाज कमी करायचा ते ठरवणारे. मायक्रो-आरएनए 21 आणि 192 यांचा लघवीतला अभ्यास 2017 मध्ये याच आजाराच्या संदर्भात प्रसिद्ध झाला. धोका वाढलेली माणसं वेगळी काढायला ते उपयोगी पडतील, अशी त्यातून आशा निर्माण झाली.

आता अडचणी, त्या सांगायलाच हव्यात. भरपूर पाणी प्यायल्यावर लघवी पातळ होते आणि सगळे आकडे खाली येतात. म्हणून प्रत्येक मोजणी क्रिएटिनिनच्या, म्हणजे लघवीतून रोज साधारण सारखाच बाहेर पडणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाच्या, प्रमाणात लावावी लागते. 8-ऑक्सो-डीजी धूम्रपानाने वाढतं, शरीरात दुसरीकडे दाह असला तरी वाढतं. ते वाढलं म्हणजे पित्तनलिकेचा कॅन्सर, असं मुळीच नाही. या कॅन्सरसाठी रक्तातला सीए 19-9 हा पदार्थ मोजतात, ती चाचणी तरी कुठे निर्दोष आहे? साध्या पित्तखड्याने नळी तुंबली तरी तो पदार्थ वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात जन्मतःच तो पदार्थ तयार होत नाही.

म्हणून एकट्या लघवीवरून कॅन्सरचं निदान करू नये, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिचं खरं काम चाळणीचं आहे. खोन केन विद्यापीठाने 2013 मध्ये सुरू केलेल्या तपासणी कार्यक्रमात चाळिशी ओलांडलेल्या, धोक्यातल्या लोकांची सोनोग्राफी होते. नळीभोवती तंतूंचा थर दिसतोय का, गाठ दिसतेय का, ते बघतात. पण सोनोग्राफीला यंत्र लागतं, प्रशिक्षित डोळा लागतो, आणि धोक्यात तर लाखो लोक आहेत. कुणाला आधी बोलवायचं, कुणाला पुन्हा सहा महिन्यांनी बघायचं, ही रांग लघवीच्या खुणांनी लावता येऊ शकते.

एक शेवटची गोष्ट. प्राझिक्वांटेलने आतले कृमी मरतात, पण पुन्हा कच्चा मासा खाल्ला की पुन्हा लागण होते. काही माणसं आयुष्यात कितीतरी वेळा औषध घेतात आणि कितीतरी वेळा पुन्हा बाधित होतात. अशा माणसाची लघवी एकदा तपासून भागत नाही. दर वर्षी, त्याच माणसाची, आधीच्या आकड्याशी लावून बघावी लागते.