कामाचे तास, एक्सेलचे तास

[दृश्य: सकाळ. लोकमान्य नगर मेट्रो स्थानक. हातात डबे घेतलेले कामगार जिना उतरून हिंगणा रस्त्याला लागतात.]

निवेदन:
नागपूर मेट्रोची ॲक्वा लाइन इथं संपते आणि हिंगणा एमआयडीसी सुरू होते. मोठ्या कंपन्यांत हजेरीचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. लहान वर्कशॉपमध्ये मात्र सगळा कारभार एक्सेलच्या एका शीटवर चालतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, शनिवारी हातात किती पडणार, सगळं त्यातच. त्यामुळे एक्सेल वेळ कशी मोजतं, हे ती शीट भरणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. तिथं घोळ झाला, तर पैसे कामगाराचे जातात.

[दृश्य: संगणकाचा पडदा. रिकाम्या चौकटीत १ टाइप होतो. फॉरमॅट बदलून तारीख केला जातो.]

चौकटीत नुसता १ लिहा आणि तिला तारखेचा फॉरमॅट द्या. १ जानेवारी १९०० दिसेल. एक्सेलची मोजणी तिथून सुरू होते. १ जानेवारी २०२६ हा त्याच्या लेखी ४६०२३ वा दिवस. आणि वेळ? ती त्या दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. एक तास म्हणजे एक भागिले चोवीस. एवढं ध्यानात आलं की पुढचे बहुतेक गुंते सुटतात.

(या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही धरलेला आहे. तो कधी उगवलाच नव्हता, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती. त्याच्या फाइल्स जुळाव्यात म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवली. आजच्या हजेरीला त्याचा काही धक्का लागत नाही.)

[दृश्य: आठवड्याची हजेरी. खाली बेरजेची चौकट.]

समजा, एक वेल्डर सहा दिवस रोज सव्वानऊ तास राबला. बेरीज साडेपंचावन्न तास. शीटवर दिसतात ७:३०. चोवीस तास पूर्ण झाले की एक्सेल तो एक दिवस धरतं आणि उरलेली वेळच दाखवतं. अठ्ठेचाळीस तास असे दिवसांत जमा झाले, पुढचे साडेसात दिसले.

यातली खरी गोम पुढं आहे. आठवड्याचे साधे तास अठ्ठेचाळीस धरले, तर त्यावरचा ओव्हरटाइमही साडेसात तासच भरतो. त्यामुळे आकडा बरोबर वाटतो, कुणाला शंकाच येत नाही. पुढच्या आठवड्यात तोच माणूस एक दिवस सुट्टी घेतो. तास होतात सव्वा सेहेचाळीस, शीट दाखवते २२:१५. मग प्रश्न येतो, “भाऊ, माहे तास कमी काहून दिसते?”

उपाय अगदी सोपा. बेरजेच्या चौकटीवर कंट्रोल आणि १ दाबा, कस्टममध्ये जा. एच, कोलन, एम एम असं लिहिलेलं असेल. त्यातल्या एचला चौकोनी कंस घाला. बेरीज पूर्ण दिसेल, ५५:३०.

[दृश्य: मजुरीचा रकाना. चौकटीत २५ उमटतात.]

आता पैसे. ताशी ८० रुपये धरू. साडेसात तासांच्या चौकटीला ८० नं गुणलं, तर येतात २५ रुपये. हवे होते ६००. एक्सेलच्या लेखी साडेसात तास म्हणजे ०.३१२५ दिवस, आणि त्यानं गुणाकार त्याचाच केला. आधी २४ नं गुणा, मग दरानं, आणि चौकटीचा फॉरमॅट नंबर ठेवा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं असतो, म्हणजे १,२०० रुपये. हे सूत्र मी प्रत्येक शीटमध्ये सगळ्यात आधी तपासेन.

[दृश्य: रात्र. वेल्डिंगच्या ठिणग्या. मग पडदा. चौकटीत नुसती हॅशची चिन्हं.]

रात्रपाळी. आत दहाला, बाहेर सकाळी साडेसहाला. वजाबाकी केली की हॅशची रांग. रकाना कितीही रुंद करा, ती जात नाही, कारण उत्तर ऋण आहे. मॉड (MOD) हे भागाकाराची बाकी देणारं एक्सेलचं सूत्र. वजाबाकी त्याच्या कंसात घाला, स्वल्पविराम द्या, १ लिहा. साडेआठ तास मिळतात.

[दृश्य: हजेरीची जुनी वही. पेननं लिहिलेलं “८.३०”.]

आपल्याकडे वेळ टिंब देऊन लिहायची सवय आहे. तीच सवय कीबोर्डवर उतरते आणि इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ८.३० टाइप केलं की एक्सेल ते आठ पूर्णांक तीन दशांश दिवस समजतं. त्याला वेळेचा फॉरमॅट दिला तर ७:१२ दिसतात.

मग लोक सगळी टिंबं एकदम बदलून कोलन करतात. तसं करू नका. शेवटचं शून्य आधीच गळालेलं असतं. ८.३ चं होतं ८:३, आणि ते वाचलं जातं आठ वाजून तीन मिनिटं. सत्तावीस मिनिटं कुणाच्या लक्षातही न येता बदलली. त्याऐवजी शेजारच्या रकान्यात हे सूत्र घाला (ए टू म्हणजे टिंब देऊन वेळ लिहिलेली चौकट, इंट म्हणजे आकड्यातला फक्त पूर्णांक): इंट कंसात ए टू, भागिले २४, अधिक, मॉड कंसात ए टू स्वल्पविराम १, गुणिले १००, भागिले १४४०. पूर्णांकाचे तास झाले, दशांशाची मिनिटं झाली. १४४० म्हणजे एका दिवसातली मिनिटं.

[दृश्य: कीबोर्डवर बोटं.]

मुळात वेळ हातानं टाइपच करू नये, हे बरं. कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविराम दाबला की त्या क्षणाची वेळ उमटते आणि तशीच राहते. नाऊ हे सूत्र हजेरीला वापरू नका. शीटनं पुन्हा हिशेब केला की त्यातली वेळ बदलते, आणि सकाळी आठला आलेला माणूस दुपारी आल्यासारखा दिसतो.

लाइट गेली, संगणक धाडकन बंद पडला, आणि नोंदी कुठवर झाल्या होत्या यावरून वाद झाला, तर विंडोजमध्येच उत्तर आहे. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी शोधा. विंडोज नीट बंद न होता थांबलं, तर तिथं तारखेनिशी नोंद सापडते. वेगळं काही बसवावं लागत नाही.

[दृश्य: उघडलेला सीपीयू. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी.]

शीटवर उमटणारी वेळ संगणकाच्या घड्याळाची असते. संगणक सुरू करताना जुनीच तारीख दिसत असेल, तर ही बॅटरी संपली असावी. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर २०३२ असते. बदलून घ्या. मग सेटिंग्जमध्ये वेळेच्या भागात जाऊन सिंक नाऊ दाबा, आणि घड्याळ बिघडलेल्या दिवसांच्या नोंदी कामगारांना समोर बसवून पुन्हा लावा.